आपलं गाव तिथेच का वसलं आणि रस्ते तिकडूनच का गेले, हे शोधायचं कसं

तालुक्याच्या गावाला, म्हणजे धड शहर नाही आणि धड खेडंही नाही अशा गावाला, सांगण्यासारखा इतिहासच नसतो असं बरेच जण धरून चालतात. किल्ला नाही, लढाई नाही, मग लिहायचं काय? पण माल कुठून आला, कुठे उतरला, बैल कुठे सोडले, पावसाळ्यात कोणती वाट बंद पडायची हे एकदा शोधायला लागलात की गाव उलगडायला लागतं, आणि याच्या खुणा अजून जमिनीवर आहेत, कुठे गेलेल्या नाहीत. मला हा नाद लागून बरीच वर्षं झाली, चुकाही भरपूर केल्या, त्यामुळे कोणत्या क्रमाने जायचं ते सांगतो. उदाहरण म्हणून बार्शी घेतो कारण तिथे सगळं एकाच ठिकाणी सापडतं, डोंगर, सरहद्द, बाजार आणि रेल्वे. पण पद्धत महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला लागू पडते.

आधी पाणी बघा, रस्ते नंतर

सगळे जण इथेच चुकतात, मीही चुकलो होतो. मोबाईलवर नकाशा उघडतात आणि हायवे बघायला लागतात. हायवे ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. आधी उतार कुठल्या बाजूला आहे, ओढे कुठून कुठे जातात आणि नदी गावाच्या कुठल्या अंगाला आहे ते बघा. यासाठी सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे चढ-उतार दाखवणारा नकाशा, लागते, ५०,००० ला १ या प्रमाणातली. त्यांच्या पोर्टलवर पीडीएफ मिळते. नंबर बघून घाबरू नका, पद्धत सोपी आहे. सगळा देश चार अंश बाय चार अंशाच्या चौकोनांत कापलाय, मुंबई-पुणे-सोलापूर हा पट्टा ४७ नंबरात येतो आणि त्याच्या पूर्वेचा ५६ मध्ये. मग त्या चौकोनाचे इंग्रजी अक्षरांचे सोळा भाग आणि प्रत्येकाचे परत सोळा. पुण्याची शीट ४७ एफ मध्ये आहे. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेतले की दहा मिनिटांत शीट सापडते. गाव नेमकं दोन शीटच्या कडेवर असलं तर दोन्ही घ्या, आणि असं फार वेळा होतं, का कुणास ठाऊक.

शीटवर तपकिरी रेषा म्हणजे समान उंचीच्या. दोन रेषांमध्ये साधारण २० मीटरचा फरक धरा. रेषा जवळ जवळ आल्या की चढ, लांब लांब गेल्या की सपाटी. निळं दिसतं ते बारमाही पाणी, आणि काळ्या रेषेतला ओढा म्हणजे पावसाळ्यापुरता. आता एक पेन्सिल घ्या आणि फक्त पाणलोटाची रेघ ओढा, म्हणजे ज्या धारेवरून एका बाजूचं पाणी एका नदीला आणि दुसऱ्या बाजूचं दुसऱ्या नदीला जातं ती धार. जुन्या गाडीवाटा बऱ्याचदा या धारेच्या आसपासच जातात कारण तिथे ओढे ओलांडावे लागत नाहीत. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचं चाक रुतलं की दोन बैल काय, चार जुंपले तरी निघत नाही, हे ज्याने बघितलंय त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. म्हणून मुरमाड माळावरून लांबचा वळसा घेणारी वाट जवळच्या काळ्या रानातल्या वाटेपेक्षा जुनी असण्याची शक्यता जास्त.

बार्शीचं बघा. पूर्वेला आणि उत्तरेला बालाघाटची डोंगररांग, येडशीकडे निघालात की चढ लागतो. वरच्या पठारावरचा माल खाली सपाटीला आला की त्याला एक मोठं थांबायचं ठिकाण लागतं. शिवाय वरचा मुलुख निजामाचा आणि बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातला, म्हणजे डोंगराची हद्द आणि राज्याची हद्द जवळ जवळ येऊन बसलेली. निजामाच्या राज्यात माल आत-बाहेर करताना जकात द्यावी लागायची, तिला करोडगिरी म्हणायचे. अशा सरहद्दीवरच्या गावात व्यापारी, अडते, गोदामं वाढतात, ते काही योगायोगाने नाही. तुमचं गाव जुन्या संस्थानाच्या किंवा निजामाच्या हद्दीजवळ असेल तर ती हद्द नकाशावर नक्की काढा, कारण ती आता जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या हद्दीत लपलेली असते.

नदी कुठे ओलांडायचे?

नदीकाठच्या गावात पहिला प्रश्न हाच. पूल नंतर आला, त्याच्या आधी उतार होता. उतार म्हणजे जिथे पात्र रुंद आणि खडकाळ असतं आणि पाणी गुडघ्या-मांडीपर्यंतच असतं ती जागा. टोपोशीटवर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर येऊन थांबणाऱ्या वाटा दिसल्या की समजायचं, इथे उतार किंवा नाव होती. गावात गेल्यावर नावेचा घाट कुठे होता विचारा. पूल नसताना भीमेसारख्या नदीला पूर आला की वाहतूक दिवसच्या दिवस थांबायची, मग अलीकडच्या काठावर माणसं, जनावरं, गाड्या सगळं खोळंबायचं. असं वारंवार थांबावं लागलं की धर्मशाळा येते, दुकान येतं, आणि तिथेच वस्ती धरते.

पूल तीन पिढ्यांचे असतात ते वेगवेगळे नोंदवा. सगळ्यात जुनी फरशी, म्हणजे पाण्याखाली जाणारा बुटका पूल. मग दगडी कमानींचा. मग सिमेंटचा उंच. पुष्कळ गावांत हे तिन्ही एकमेकांपासून दोनशे पावलांवर सापडतात आणि फरशीकडे जाणारा जुना रस्ता आता कुणाच्या तरी गोठ्यामागे संपतो. तोच धरून उलटं गावाकडे चालत या, जुन्या वेशीशी पोचायची शक्यता दाट.

धरणाच्या भागात असाल तर सावध. उजनीचं पाणी आल्यावर कितीतरी गावं आणि वाटा खाली गेल्या, पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं तेव्हा लोक बघायला जातात. अशा ठिकाणी आजचा नकाशा बघून काहीच अंदाज येत नाही, धरणाच्या आधीची शीट मिळवा. जुन्या शीट एक इंच बरोबर एक मैल या मापाच्या असतात.

खिंड, घाट आणि पायऱ्या

डोंगराजवळचं गाव असेल तर जवळच्या प्रत्येक खिंडीत एकदा पायी जाऊन या. एकच गोष्ट बघायची, वाटेला पायऱ्या आहेत का. पायऱ्या असतील तर ती गाडीची वाट नव्हे, पाठीवर ओझं वाहणाऱ्या बैलांची आणि माणसांची वाट. नाणेघाट हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. जुन्नर ते कोकणपट्टी जोडणारी वाट, वर सातवाहनांच्या काळचा लेख आणि तो दगडी रांजण, जकातीसाठी होता असं सांगतात. चाकाची गाडी तिथून जाणं शक्यच नाही. कोकणातून मीठ वर यायचं आणि घाटावरचं धान्य खाली जायचं ते लमाणांच्या, बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या बैलांवरून, गोणी लादून. तुमच्या शिवारात कुठे तांडा नावाची वस्ती असेल किंवा तांड्याची विहीर, तांड्याचा माळ असं काही नाव असेल तर ते वहीत लिहा, ती मुक्कामाची जागा असू शकते.

चाकाची वाट घाटात आली ती फार उशिरा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, आणि त्याच घाटातून रेल्वे चढली ती १८६३ मध्ये. म्हणजे मधल्या तेहतीस वर्षांत घाटमाथ्यावरच्या गावांचा व्यापार बैलाच्या पाठीवरून बैलगाडीवर आला आणि लगेच गाडीवरून रेल्वेवर गेला. एकाच माणसाने आपल्या आयुष्यात दोन्ही बघितलं असेल! थळघाटाची रेल्वे १८६५ ची. या दोन घाटांमध्ये आणि आजूबाजूला जेवढी गावं आहेत त्यांच्या नशिबाचा निकाल या तारखांनी लावलाय, कुठल्या बाजारपेठेचा माल कमी झाला आणि कुठली नवीन उभी राहिली ते याच्यावरून ताडून बघा.

एका दिवसाची गाडीवाट

आता कंपास घ्या, नसेल तर दोरी. लादलेली बैलगाडी दिवसभरात साधारण २० ते २५ किलोमीटर जाते, त्याच्या पुढे बैल ओढत नाहीत. आपल्या गावाभोवती तेवढं वर्तुळ काढा. वर्तुळावर किंवा त्याच्या जरा अलीकडे-पलीकडे दुसरं बाजाराचं गाव येतंय का बघा. बऱ्याच वेळा येतं. नसेल येत तर वाटेत डोंगर आहे का नदी आहे ते बघा, कारण तिथे दिवसाची मजल कमी पडते. मग आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांच्या आठवडी बाजाराचे वार लिहून काढा. शेजारशेजारच्या गावांचे वार सहसा एक नसतात, कारण व्यापारी तोच असायचा, सोमवारी इथे, मंगळवारी तिथे असा फिरायचा. वार नकाशावर मांडले आणि एका पाठोपाठ एक रेघेने जोडले की फिरत्या व्यापाऱ्याची वाट दिसते, आणि तीच जुनी रहदारी. माझ्या मते या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात मजेचं काम हेच आहे आणि याला एक रुपया लागत नाही. जनावरांचा बाजार कुठे भरतो ते वेगळं लिहा. त्याला पाणी आणि मोकळं रान दोन्ही लागतं, त्यामुळे जागा सहज हलत नाही.

गावात फिरताना काय बघायचं

नावं बघा. कसबा, पेठ, वेस, मोंढा, गंज, गाडीतळ, जकात नाका, जुना स्टँड, स्टेशन रोड. ही नावं बोलतात. कसबा म्हणजे जुनं मुख्य गाव, पेठ म्हणजे नंतर मुद्दाम वसवलेला बाजार. मराठवाड्यात मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार, कुठे आहे ते विचारलं की धान्याची रहदारी कुठल्या बाजूने यायची ते कळतं. जकात नाका तर फारच उपयोगी, नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली पण नाक्याचं नाव रिक्षावाल्यांच्या तोंडात अजून आहे, आणि नाका म्हणजे त्या काळी गावाची हद्द जिथे संपत होती तो बिंदू. गावाचे सगळे जुने नाके नकाशावर टाकले की गाव तेव्हा केवढं होतं ते समोर येतं.

रस्त्यात बारव दिसली, ओळीने लावलेली जुनी चिंच-कडुनिंबाची झाडं दिसली, की ती वाट जुनी असा अंदाज बांधायला हरकत नाही. मैलाचे दगड नीट बघा. दगडावर मैल असतील तर तो साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या आधीचा, कारण त्यानंतर सगळं किलोमीटरमध्ये गेलं. नव्या दगडांचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारिंगी म्हणजे ग्रामीण सडक. आणि एक, महामार्गांचे नंबर २०१० मध्ये बदललेत. जुन्या कागदात चार नंबरचा हायवे असेल तर तो आता ४८, सतरा नंबरचा आता ६६, आणि पुणे-सोलापूरचा नऊ नंबर आता ६५ आहे. लोक मात्र अजूनही हायवेला जुन्याच नंबराने हाक मारतात, तेव्हा लिहिताना दोन्ही लिहा नाहीतर वाचणारा गोंधळतो.

रेल्वे, आणि 'रोड' हा शब्द

स्टेशनच्या नावात 'रोड' असलं की तिथे थांबायचं. याचा अर्थ साधा आहे, रेल्वे त्या गावात गेली नाही, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर थांबली. अक्कलकोट रोड, नाशिक रोड, लातूर रोड. कोकण रेल्वे तर १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तरी तिथेही राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड आलेच, कारण डोंगर जसा असेल तशी लाईन जाते, गावाला विचारून जात नाही.

कुर्डुवाडी जंक्शनचं जुनं नाव काय होतं माहितीये? बार्शी रोड. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५९ मध्ये तिथवर पोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला गेली, पण बार्शी राहिली पस्तीसेक किलोमीटर बाजूला. मघाचं वर्तुळ आठवा, गाडीची एका दिवसाची मजल २० ते २५ किलोमीटर. म्हणजे बार्शीचा कापूस, तेलबिया रेल्वेपर्यंत न्यायला वाटेत एक मुक्काम आलाच. असं अडतीस वर्षं चाललं. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी नॅरोगेज आणली, रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलीमीटर. त्याची हुशारी अशी होती की इंजिन असो की डबा, प्रत्येक आसावर पाच टनापर्यंतच भार येईल असं सगळं आखलं, त्यामुळे हलके रूळ चालले, खर्च कमी झाला आणि तरी माल भरपूर ओढला. हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवायच्या मागे लागला, पण ते जाऊ द्या.

ती लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. १९५४ मध्ये सरकारने घेतली. आता यातलं शिकण्यासारखं काय तर तारखा पाठ करू नका, प्रत्येक तारखेला 'आता शेवटचं स्टेशन कुठलं' हे विचारा. रेल्वे जिथे संपते तिथे माल जमतो, गाड्या सोडल्या जातात, जिन-प्रेस, म्हणजे कापसातली सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने, उभे राहतात. शेवटचं स्टेशन पुढे सरकलं की ती गर्दी पण पुढे सरकते. १९०६ च्या आधी आणि नंतर, १९११ च्या आधी आणि नंतर, असे दोन-दोन नकाशे काढून बघा, बार्शीचा आणि लातूरचा व्यापार एकमेकांशी कसा जोडला गेला ते आपोआप डोळ्यासमोर येतं.

उलटी बाजू पण बघा. ही नॅरोगेज धाराशिव शहराला शिवलीच नाही, बाजूने गेली. जिल्ह्याचं ठिकाण असून शहराला स्टेशन मिळालं ते ब्रॉडगेज करताना मार्ग बदलला तेव्हा, २००७-०८ च्या सुमारास. आणि कधी कधी स्टेशनच गाव जन्माला घालतं. श्रीरामपूर बघा, दौंड-मनमाड लाईनवरचं बेलापूर स्टेशन, मूळ बेलापूर गाव बाजूला प्रवरेकाठी आणि स्टेशनभोवती वाढलेलं गाव मोठं होऊन श्रीरामपूर झालं. स्टेशनचं नाव मात्र अजून बेलापूरच. तुमच्या स्टेशनचं नाव आणि गावाचं नाव वेगळं असेल तर तिथे गोष्ट आहे, सोडू नका.

विदर्भातले असाल तर शकुंतला रेल्वे तुम्हाला सांगायला नको. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, कापसासाठी काढलेली, तीही ७६२ मिलीमीटरचीच.

स्टेशनवर गेलात की पिवळ्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहून घ्या. ओळीने चार स्टेशनांची उंची लिहिली की चढ-उताराचा आलेख तयार, फुकटात. मालधक्का कुठे आहे, त्याच्या पाठीमागे जिनिंगची जुनी चिमणी उभी आहे का, गोदामांची तोंडं रुळाकडे आहेत की रस्त्याकडे, हे बघा. तोंडं रुळाकडे असतील तर ती इमारत ट्रकच्या आधीची.

बंद पडलेली लाईन सॅटेलाईट नकाशावर शोधायची युक्ती सांगतो. शेतांचे बांध साधारण सरळ असतात, त्यांना तिरकी कापत जाणारी एक लांबलचक मऊ वळणाची रेघ दिसली, तिच्या कडेने बाभळी दिसल्या, की तो भराव. रस्त्याचं वळण खटकन येतं, रुळाचं येत नाही. ५०,००० च्या जुन्या टोपोशीटवर भरावाची उंची आकडा आणि शेजारी छोटं आर अशी दिलेली असते, म्हणजे ३ आर असेल तर भराव तीन मीटर. नवा मार्ग जिथे वेगळा गेला तिथे जुना भराव, दगडी मोऱ्या अजून सापडतात.

एसटीच्या आधी आणि एसटीनंतर

रेल्वे नसलेल्या गावाने नाराज व्हायचं कारण नाही, तुमचा इतिहास मोटारीचा आहे आणि तो सांगणारी माणसं अजून हयात आहेत. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्याच्या आधी खाजगी मोटारी होत्या, मालकाच्या नावावर नाहीतर कंपनीच्या नावावर, भरली की सुटायची. मराठवाड्यात गोष्ट वेगळी. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्येच स्वतःची बससेवा काढली होती, २७ गाड्यांनी सुरुवात. म्हणजे काही मराठवाडी गावांत सरकारी बस पुण्या-नगरच्या आधी आलेली असू शकते, आणि हे ऐकलं की पुण्याकडची मंडळी जरा गप्प होतात.

एसटीसाठी तीन प्रश्न पुरतात. डेपो गावात आहे की शेजारच्या गावात? जुना स्टँड कुठे होता? आणि मुक्कामी गाडी कुठे जायची? हा तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन तिथेच झोपणारी आणि पहाटे कॉलेजची पोरं, दूध, भाजी घेऊन परत येणारी. या गाड्यांची टोकाची गावं नकाशावर मांडली की तुमच्या गावाचा खरा पसारा किती ते दिसतं, तालुक्याची हद्द काहीही असू दे. जुनं वेळापत्रक मिळालं तर पाटीवरचं 'मार्गे' वाचा, कारण सरळ रस्ता असून गाडी वळसा घालत असेल तर तो सरळ रस्ता तेव्हा नव्हता किंवा पावसात टिकत नव्हता. तिकिटाचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो, त्यामुळे जुन्या तिकिटावरून अंतराचा अंदाज निघतो.

आणि बहात्तरचा दुष्काळ विसरू नका. १९७२-७३ मध्ये दुष्काळी कामांवर लोकांनी खडी फोडून, मुरूम टाकून कितीतरी रस्ते केले. गावात एखादा रस्ता 'कधी झाला' विचारलं तर साल कुणाला आठवत नाही, पण 'दुष्काळात आम्ही खडी फोडली तो' असं लगेच सांगतात.

कागद

जिल्हा गॅझेटिअर उघडा. जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेले मुंबई इलाख्याचे जुने खंड ऑनलाईन वाचायला मिळतात, सोलापूरचा १८८४ चा आहे. सुरुवातीपासून वाचायला बसू नका, झोप लागेल. सरळ व्यापाराचं प्रकरण काढा, त्यात रस्ते, घाट, नावा, बाजार, कुठला माल कुठे जातो हे सगळं असतं. मग शेवटचं गावांच्या नावांचं प्रकरण. इंग्रजी स्पेलिंग विचित्र असतं, आपल्या गावाची चार-पाच रूपं करून शोधा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकाही बघा, प्रत्येक गावाला रस्ता, बस, पोस्ट कधी होतं ते दर दहा वर्षांनी कळतं.

गावनकाशा हा माझा लाडका कागद. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. आज तिथे ऊस उभा असला तरी कागदावर वाट आहे. इथे एक सूचना, वाट कुणी दाबली याच्या भांडणात पडू नका. मी एकदा नकाशा हातात घेऊन बांधावर उभा राहिलो तर दोन्हीकडचे भाऊबंद मला मोजणीवाला समजून गोळा झाले, अर्धा तास समजावण्यात गेला. नकाशा पिशवीत ठेवा, फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना

'आजोबा, गावाचा इतिहास सांगा' म्हणालात तर ते शिवाजी महाराजांपासून सुरू करतील आणि तुम्हाला काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा 'आजोबा, तुमच्या लग्नाचं वऱ्हाड कसं गेलं होतं?' असं विचारा. गाडीनं, ट्रकनं, रेल्वेनं, कुठे थांबले, नदी कशी ओलांडली, सगळं बाहेर येतं, आणि लग्नाचं साल अंदाजे कळतं म्हणजे तारीख पण मिळाली. आजींना माहेरची वाट विचारा. बायका सासर-माहेर करायच्या त्या वाटा पुरुषांना आठवत नाहीत, हा माझा अनुभव आहे. दवाखान्यात कसं नेलं, कापूस विकायला कुठे गेलात, मॅट्रिकची परीक्षा कुठल्या गावाला दिलीत, हे प्रश्न चालतात. दोन माणसांनी एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली तर दोन्ही लिहून ठेवा, कोण खरं ते ठरवायची घाई नको.

'हा रस्ता पांडवांनी केला', 'हा पूल इंग्रजांनी केला' ही वाक्यं प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. पूल इंग्रजांचा असेलही, पण दगडावर साल कोरलंय का ते कठड्याच्या टोकाशी वाकून बघा. नावाच्या व्युत्पत्तीवरही फार विसंबू नका. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं एवढं पक्कं. पण आज खुर्द मोठं आणि बुद्रुक लहान झालेलं दिसलं तर बघा हं, बहुतेक मधे कुठला तरी रस्ता नाहीतर स्टेशन आलेलं असतं.

पायी फिरायला कधी जायचं? मार्चपासून मेपर्यंत, काढणी झाल्यावर, रान मोकळं असतं तेव्हा. जुना भराव, गाडीवाटेची चाकोरी, ओढ्यातला फरसबंद उतार हे सगळं तेव्हाच दिसतं. पहाटे निघा, पाणी दोन लिटर, डोक्याला टोपी. जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या की लोक आपल्या रानातून जाऊ देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे.